लाईन आली, नेट आलं, तरी बाहेरून कॅमेरा दिसत नाही

लाईन जाते, तासाभराने येते. राऊटरचे दिवे लागतात, घरातल्या मोबाईलवर व्हिडिओ चालतो, समोरच्या खोलीतल्या सेवा केंद्राचं कामही सुरू होतं. फक्त पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाला बगीच्यातला कॅमेरा दिसत नाही. मग कोणीतरी राऊटरच्या पानावर जाऊन पोर्टचा नियम (बाहेरून कोणत्या क्रमांकाच्या दारातून आत यायचं ते ठरवणारा) पुसतो, तोच नव्याने टाकतो, राऊटर बंद-चालू करतो. कधी चालतं, कधी नाही. पुढचं वादळ आलं की पुन्हा पहिल्यापासून.

वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यापासून यवतमाळ-वाशीमच्या खेड्यांपर्यंत ही तक्रार सारखी ऐकू येते आणि तिचे शब्दही ठरलेले असतात: "काल त दिसत होता ना भाऊ, आज काऊन दिसून नाही रायला?" फायरवॉलचा, म्हणजे राऊटरमधल्या पहारेकऱ्याचा, हा नियम राऊटरच्या कायमच्या मेमरीत लिहिलेला असतो. वीज गेली म्हणून तो सहसा पुसला जात नाही. वीज गेल्यावर बदलतं ते नियमाच्या भोवतीचं सगळं: घरातल्या यंत्राचा पत्ता, बाहेरचा पत्ता आणि राऊटरचं घड्याळ. म्हणून नियमाला हात लावण्याआधी या तिन्ही गोष्टी पाहायच्या. तसं केलं तर बहुतेक घरांत नवीन नियम टाकायची वेळच येत नाही.

खाली पत्ते आणि पोर्ट मराठी अंकांत लिहिले आहेत. राऊटरमध्ये टाकताना ते इंग्रजी अंकांतच टाका.

तपासणी घरात बसून करू नका

घरच्या वायफायवर बसून बाहेरच्या पत्त्याने कॅमेरा उघडून पाहणं ही तपासणी नव्हेच. आतून बाहेरच्या पत्त्याकडे गेलेली मागणी पुन्हा आत वळवण्याची सोय राऊटरमध्ये लागते. तिला नॅट लूपबॅक म्हणतात. इंटरनेट कंपनीने दिलेल्या अनेक डब्यांत ती नसते. तिथे नियम अगदी बरोबर असला तरी घरातून कॅमेरा उघडत नाही आणि माणूस चांगला नियम मोडून बसतो. मोबाईलचं वायफाय बंद करा, सिमच्या डेटावर या आणि मग पाहा. खोलीत रेंज नसेल तर गच्चीवर जा, पण पाहायचं बाहेरच्याच जाळ्यावरून.

त्याच्या आधी एक सोपी पायरी आहे. घरातल्या वायफायवरून डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) घरातला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. तोही उघडत नसेल तर दोष घरात आहे, फायरवॉलपर्यंत जायची गरजच नाही. घरातून उघडतो आणि बाहेरून नाही, असं असेल तर पुढे वाचा.

सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं: डीव्हीआरचा पत्ता सरकलेला असतो

लाईन आल्यावरची पहिली दोन मिनिटं नीट पाहा. राऊटर उठतो आणि येईल त्याला पत्ते वाटायला लागतो. हे वाटपाचं काम डीएचसीपी नावाची सेवा करते. मोबाईल आधीच वाट पाहत असतात, ते लगेच जोडले जातात. टीव्हीचा बॉक्स पाठोपाठ येतो. डीव्हीआर मात्र सावकाश उठतो, कारण तो आधी हार्ड डिस्क तपासतो. तो पत्ता मागायला येईपर्यंत त्याचा कालचा पत्ता, समजा १९२.१६८.१.१०३, टीव्हीच्या बॉक्सला गेलेला असतो. डीव्हीआरला मिळतो १०५. तुमचा पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरची मागणी घरातल्या यंत्राकडे वळवणारा, नियम अजूनही इमानदारीने १०३ कडेच बोट दाखवतो. बाहेरून आलेली मागणी टीव्हीच्या दारात जाते आणि तिथून उत्तर येत नाही.

सगळे राऊटर असे वागत नाहीत. ओपनडब्ल्यूआरटी ही वेगळी प्रणाली बसवलेल्या राऊटरमध्ये पत्ते वाटायचं काम डीएनएसमास्क नावाचं सॉफ्टवेअर करतं आणि ते यंत्राच्या मॅक पत्त्यावरून (कारखान्यात मिळालेल्या ओळख क्रमांकावरून) हिशेब लावून पत्ता ठरवतं. त्यामुळे बंद-चालू झाल्यावरही पुष्कळदा तोच पत्ता परत येतो. कंपनीच्या डब्यांत मात्र जो आधी आला त्याला आधी दिला, असा कारभार बऱ्याच ठिकाणी दिसतो. पण "पुष्कळदा" या शब्दावर फायरवॉलचा नियम उभा करू नये.

उपाय म्हणजे पत्ता राखून ठेवणे. राऊटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीव्हीआरचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता यांची जोडी लिहून ठेवायची. कुठे याला अ‍ॅड्रेस रिझर्वेशन म्हणतात, कुठे स्टॅटिक लीज. मॅक पत्ता डीव्हीआरच्या नेटवर्कच्या पानावर दिसतो, पुष्कळदा खालच्या स्टिकरवरही असतो. जोडी लिहिल्यावर डीव्हीआर एकदा बंद करून चालू करा, नाहीतर तो जुनाच पत्ता धरून बसतो.

पुष्कळ कॅमेरेवाले दुसरा मार्ग घेतात: डीव्हीआरच्याच मेनूत पत्ता हाताने बसवून टाकतात. चालतं, पण त्यात दोन खड्डे आहेत. पहिला असा की हाताने दिलेला पत्ता राऊटर वाटत असलेल्या पट्ट्यातलाच असतो. राऊटरला याची कल्पना नसते, तो एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्याच्या मोबाईलला देतो आणि दोघंही अडखळतात. ओपनडब्ल्यूआरटीत मूळ पट्टा १०० ते २४९ असा असतो, तेव्हा हाताने द्यायचा पत्ता त्याच्या बाहेरचा घ्या, समजा ५०. कंपनीच्या डब्यात पट्टा कुठून कुठे आहे ते त्याच पानावर लिहिलेलं असतं.

दुसरा खड्डा जास्त फसवा. पत्ता हाताने बसवताना गेटवेचा (घराबाहेर जायच्या दाराचा) रकाना चुकतो किंवा रिकामा राहतो. अशा डीव्हीआरला घरातले सगळे पाहू शकतात, कारण घरातल्या घरात बोलायला गेटवे लागत नाही. बाहेरून मागणी आली की ती डीव्हीआरपर्यंत पोहोचतेसुद्धा, पण उत्तर कोणत्या रस्त्याने पाठवायचं हे त्याला माहीत नसतं. लक्षण हुबेहूब फायरवॉलने अडवल्यासारखंच दिसतं. गेटवेच्या रकान्यात राऊटरचा घरातला पत्ता आहे याची खात्री करा. राऊटर बदलला असेल किंवा राऊटरचा पत्ता बदलला असेल तर हा रकाना हमखास जुना राहिलेला असतो.

मोबाईलच्या बाबतीत अजून एक पाहा. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न दाखवता बनावट दाखवतो. मुलाच्या अभ्यासाच्या वेळेसाठी फोनच्या मॅक पत्त्यावर नियम बांधला असेल आणि वायफाय "फर्गेट" करून पुन्हा जोडलं की तो नियम लागू होत नाही, तर कारण बहुधा हेच असतं. घरच्या वायफायपुरतं फोनमध्ये "डिव्हाइस मॅक" निवडायचं.

बाहेरचा पत्ता खरंच तुमचा आहे का

राऊटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन (राऊटरची बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट या नावाखाली एक पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधून बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही एकच असतील तर पुढच्या भागाकडे जा. वेगळे असतील तर तुमच्या राऊटरच्या पुढे अजून कोणीतरी पत्ते बदलतो आहे आणि तुमचा नियम कितीही शुद्ध असला तरी बाहेरची मागणी तुमच्यापर्यंत येतच नाही.

वॅनचा पत्ता १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होत असेल तर बहुधा घरातच दोन राऊटर एकामागे एक लागले आहेत: फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, आणि त्यामागे तुम्ही विकत आणलेला राऊटर. नेट वापरायला याने काही अडत नाही. बाहेरून आत यायला मात्र दोन दारं होतात आणि नियम एकाच दाराला असतो. ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता पूल म्हणून, टाकून घ्यायचा आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये भरायचं, हा सरळ उपाय. ब्रिज मोड कंपनीच्या माणसाकडून करून घ्यावा लागतो. तो म्हणेल, काय गरज आहे. तुम्ही आग्रह धरा. पीपीपीओईमुळे पाकिटाचा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा, कमाल आकार १५०० बाइटवरून १४९२ वर येतो. ब्रिज केल्यावर काही संकेतस्थळं उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात असं झालं, तर राऊटरमध्ये वॅनसाठी एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं त्या आकारात बसवणारी सोय) चालू आहे का ते पाहा.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल तर गोष्ट वेगळी आहे. हा पट्टा २०१२ साली मुद्दाम इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाला मिळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या वाट्यावर आला होता, म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. अख्ख्या गावाची पत्रं एकाच पेटीत पडावीत आणि पेटीची किल्ली कंपनीकडे असावी, तसा हा प्रकार आहे. तिथे तुमच्या राऊटरवरचा पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम शोभेचा ठरतो. काही कंपन्या सीजीनॅटसाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. तेव्हा घरात एकच डबा असून वॅनचा पत्ता १० चा दिसत असेल तरी अर्थ तोच.

यातच "कधी चालतं, कधी नाही" याचंही उत्तर असू शकतं. लाईन जाऊन आली की पीपीपीओई नव्याने जोडलं जातं आणि पुष्कळदा नवा पत्ता हाती येतो. पत्ता खरा सार्वजनिक असला तरी बदलतो. डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावलं असेल तर नाव नव्या पत्त्याकडे वळायला थोडा वेळ लागतो. आणि राऊटरचं घड्याळ चुकलं असेल तर ते वळतच नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

सीजीनॅट असेल तर तीन रस्ते आहेत. कंपनीकडे कायमचा पब्लिक आयपी मागायचा. त्याचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात. दुसरा, आयपीव्ही६ म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते: त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, पोर्ट वळवायची भानगड नसते, फक्त ट्रॅफिक रूलमध्ये (कोणती रहदारी सोडायची त्या नियमात) त्या यंत्रापर्यंतची परवानगी द्यावी लागते. मात्र पत्त्याचा पुढचा अर्धा भाग कंपनी बदलत राहते आणि जुन्या डीव्हीआरना आयपीव्ही६ धड येत नाही, म्हणून कॅमेऱ्यासाठी मी हा रस्ता सुचवत नाही. तिसरा रस्ता व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतच्या खासगी बोगद्याचा. माझ्या मते खेड्यातल्या घरासाठी तोच टिकाऊ आहे.

दोन डबे, एकच पत्ता

हा प्रकार वीज गेल्यावरच उघडा पडतो. बाजारातले कितीतरी ओएनटी आणि राऊटर कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. ओपनडब्ल्यूआरटीचाही मूळ पत्ता तोच. दोघं एकामागे एक लावले की राऊटरला वॅनच्या बाजूनेही १९२.१६८.१ चा पत्ता मिळतो आणि घराच्या बाजूनेही. १९२.१६८.१ कडे जाणारं पाकीट कोणत्या बाजूला पाठवायचं याचा त्याला उलगडा होत नाही. लाईन आल्यावर एखाद्या दिवशी कसंबसं चालतं, एखाद्या दिवशी नेटच येत नाही.

आपल्या राऊटरचा घरातला पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ करा. बदलल्यावर राखून ठेवलेले पत्ते आणि पोर्टचे नियम सगळे ५० च्या घरात आणावे लागतात. हाताने पत्ता दिलेला डीव्हीआर जुन्याच घरात राहून जातो, त्याला आठवणीने हलवा.

राऊटरचं घड्याळ

इकडे कोणाचं लक्षच जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घरगुती राऊटरमध्ये बहुधा घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की तो वेळ विसरतो. परत आल्यावर इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारतो. हे विचारणं एनटीपीने (वेळ विचारायच्या पद्धतीने), यूडीपीच्या १२३ पोर्टवरून होतं. उत्तर येईपर्यंत राऊटर जुन्या तारखेत जगत असतो. ओपनडब्ल्यूआरटी उठताना आपल्या सेटिंगच्या फाइलींतली सगळ्यात नवी तारीख धरतो. म्हणजे तुम्ही शेवटची सेटिंग मृगाच्या तोंडावर बदलली असेल तर दिवाळीतसुद्धा तो जून महिन्यातच जागा होतो.

नेट लगेच आलं तर मिनिटाभरात सगळं जागेवर येतं. पण ओएनटीला प्रकाश मिळायला वेळ लागला किंवा एनटीपीची वाट अडली, तर एकामागून एक गोष्टी बंद पडतात. वेळेवर चालणारे नियम, समजा मुलांचं नेट रात्री दहाला बंद, भलत्या वेळी लागू होतात. डीडीएनएसची सेवा सुरक्षित जोडणीने पत्ता कळवते. तारीख मागची असेल तर समोरचं प्रमाणपत्र "अजून सुरूच झालं नाही" असं राऊटरला वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेत) डीएनएससेक ही खरेपणाची तपासणी किंवा सुरक्षित डीएनएस चालू केलं असेल तर फास पूर्ण बसतो: वेळ चुकली म्हणून नावाचा पत्ता सापडत नाही आणि पत्ता सापडत नाही म्हणून वेळेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही.

वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनमध्ये याचं वेगळंच लक्षण दिसतं. वायरगार्डमध्ये जोडणी सुरू करणारा दर वेळी वेळेचा शिक्का पाठवतो आणि समोरचा आधीपेक्षा जुना शिक्का नाकारतो, कारण कोणी जुनं पाकीट पकडून पुन्हा पाठवत असेल. राऊटर जूनमध्ये जागा झाला तर समोरच्याला त्याचे सगळे शिक्के जुनेच दिसतात. नेट चालू, व्हीपीएन बंद, नोंदवहीत नावाला चूक नाही. घरातली सगळी रहदारी व्हीपीएनमधूनच पाठवत असाल तर वेळ विचारणारं पाकीटही त्याच बंद वाटेने जायला पाहतं आणि राऊटर आपण होऊन कधीच सावरत नाही.

उपाय असे. एनटीपीच्या यादीत एक सर्व्हर नावाऐवजी थेट आयपी पत्त्याने लिहून ठेवा. व्हीपीएन असेल तर एनटीपीची वाट त्याच्या बाहेरून ठेवा. टाइम झोन आशिया/कोलकाता आहे का ते पाहा. ओपनडब्ल्यूआरटीत शेड्यूल्ड टास्क्समधून रोज एकदा सेटिंगच्या फोल्डरातल्या एखाद्या रिकाम्या फाइलीची तारीख ताजी केली, तर राऊटर फार तर कालच्या दिवशी जागा होतो आणि बराचसा गुंता तिथेच सुटतो.

घड्याळाचा संबंध कॅमेऱ्याशीही आहे. गोदामातून कापसाची किंवा तुरीची पोती गेली आणि चित्रण घेऊन ठाण्यात जायची वेळ आली, तर पडद्यावरची तारीख-वेळ बरोबर असलीच पाहिजे. डीव्हीआरमध्येही एनटीपी चालू करा आणि सर्व्हर म्हणून आपल्या राऊटरचाच पत्ता द्या. ओपनडब्ल्यूआरटीत "प्रोव्हाइड एनटीपी सर्व्हर" या खुणेने राऊटर घरातल्यांना वेळ वाटू लागतो.

आता नियमाकडे

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर नियम उघडा. पहिला प्रश्न: सेवा कुठे चालते? डीव्हीआरसारख्या मागच्या यंत्रावर असेल तर पोर्ट फॉरवर्ड लागतो. व्हीपीएनसारखी राऊटरवरच चालत असेल तर पोर्ट फॉरवर्ड चुकीचा आहे. तिथे वॅनकडून राऊटरकडे येणाऱ्या रहदारीला परवानगी देणारा ट्रॅफिक रूल लागतो. वायरगार्डसाठी तो यूडीपी ५१८२० चा. पुष्कळ जण इथे यूडीपीऐवजी टीसीपी ही डेटा पाठवायची दुसरी पद्धत निवडून ठेवतात आणि दिवसभर शोधत बसतात.

दुसरा प्रश्न क्रमाचा. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तिथे निर्णय होतो. वर "सगळं अडवा" आणि खाली "हे सोडा" असेल तर खालच्यापर्यंत पाळी येत नाही.

तिसरी गोष्ट: नियम बदलला तरी चालू असलेली जोडणी तुटत नाही. फायरवॉल आधी मान्य झालेल्या जोडण्या लक्षात ठेवते आणि त्यांना जाऊ देते. मुलाचा गेम अडवणारा नियम टाकला आणि गेम चालूच राहिला, म्हणून नियम खोटा ठरत नाही. फोनचं वायफाय बंद-चालू करून किंवा राऊटर पुन्हा सुरू करून पाहा.

कॅमेऱ्यांसाठी वेगळा झोन (फायरवॉलमधला वेगळा कप्पा) करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, कारण बाहेरून कोणी कॅमेऱ्यात शिरलाच तरी तो सेवा केंद्राच्या संगणकापर्यंत जाऊ शकत नाही. त्या संगणकावर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात. झोन करताना मात्र इनपुट (त्या झोनमधून राऊटरकडे येणारी रहदारी) "रिजेक्ट" ठेवलं की कॅमेऱ्यांना पत्ताच मिळत नाही, कारण पत्ता वाटणारा राऊटरच आहे आणि त्याच्याकडे यायची वाट बंद झाली. त्या झोनमधून राऊटरकडे यूडीपी ६७ (पत्ता) आणि १२३ (वेळ) एवढं सोडा; कॅमेऱ्याला नावं शोधावी लागत असतील तर ५३ सुद्धा. लॅनकडून (घरातल्या जाळ्याकडून) कॅमेऱ्याकडे जायला परवानगी द्या, कॅमेऱ्याकडून लॅनकडे आणि वॅनकडे देऊ नका.

डीएमझेड आणि यूपीएनपी बंद ठेवा

हैराण झालेल्या माणसाला कोणीतरी सांगतंच: डीएमझेडमध्ये डीव्हीआरचा पत्ता टाका, सगळं चालेल. खरंच चालतं, कारण सगळीच पोर्टं उघडी पडतात. हे कृपा करून करू नका. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर केवळ कारखान्याचे युजरनेम-पासवर्ड टाकून ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला. कितीतरी मोठी संकेतस्थळं त्या दिवशी अडकली. खेड्यातला डीव्हीआर कोणाला सापडणार, असं वाटतं. पण शोधणारा माणूस नसतो, प्रोग्रॅम असतो आणि तो पत्ते ओळीने तपासत जातो. ८०, ५५४, ८०००, ३७७७७ ही कॅमेऱ्यांची नेहमीची पोर्टं त्याला पाठ असतात. यूपीएनपी चालू असेल तर घरातलं यंत्र तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतं, म्हणून तेही बंद करा.

डीव्हीआर थेट बाहेर उघडण्याऐवजी वायरगार्ड वापरा. ते मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि साध्या राऊटरवरही चालतं. सार्वजनिक पत्ता असेल तर राऊटरवरच लावा. सीजीनॅट असेल तर भाड्याने एखादा छोटा सर्व्हर घ्या; घरचा राऊटर आणि मुलाचा फोन दोघंही बाहेर जाऊन त्याला जोडले जातात, आत यायला कोणाला दार लागतच नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट जागी ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं पाकीट) २५ सेकंद ठेवा, नाहीतर वापर नसताना कंपनीकडची वाट मिटून जाते. वायरगार्ड समोरच्याचं नाव फक्त सुरुवातीला शोधतं. समोरचा पत्ता बदलणारा असेल तर ओपनडब्ल्यूआरटीतली वायरगार्डची वॉचडॉग स्क्रिप्ट (नाव पुन्हा शोधायला लावणारी) ठरावीक वेळाने चालेल असं करा.

एवढं जमत नसेल तर कॅमेरा कंपनीच्या अ‍ॅपमधून क्यूआर कोडने जोडणं हे उघड्या पोर्टपेक्षा केव्हाही बरं. पासवर्ड तेवढा बदला.

वीज

जिथे गावठाणाचा फीडर वेगळा नाही तिथे मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो, दिवे मंद होतात आणि राऊटर बंद न पडता नुसता अडखळतो. अर्धवट उठलेला राऊटर सगळ्यात वाईट. ओएनटी आणि राऊटर दोघांनाही बहुधा १२ व्होल्ट लागतात; त्यांच्यासाठीचे छोटे यूपीएस मिळतात, ते लावा. दोन्ही डबे त्यावर हवेत, एकट्या राऊटरला जागं ठेवून उपयोग नाही. मे महिन्याच्या उन्हात टिनाखाली ठेवलेला अ‍ॅडाप्टर लवकर दमतो, म्हणून तो भिंतीच्या सावलीला घ्या. विजा कडाडू लागल्या की कॅमेऱ्याची तांब्याची केबल काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, त्या केबलमधून येते.

सगळं बसवल्यावर ओएनटी, राऊटर आणि डीव्हीआर तिन्हींची वीज मुद्दाम एकदम बंद करा, थोडं थांबून एकदम चालू करा आणि सिमच्या डेटावरून कॅमेरा पाहा. चाललं तर राऊटरच्या सेटिंगचा बॅकअप काढून तो मोबाईलमध्ये आणि मुलाकडे असा दोन ठिकाणी ठेवा.

नाहीच चाललं आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर फोन करण्याआधी हे लिहून ठेवा: वॅनचा पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता, डीव्हीआरचा पत्ता आणि त्याचा गेटवे, राऊटरवर दिसणारी तारीख-वेळ, राऊटरचं मॉडेल आणि फर्मवेअर, ओएनटीवरचा पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा आहे की एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल लुकलुकतो. लाल लुकलुकत असेल तर फायबर तुटली किंवा दबली आहे, ते काम कंपनीचं. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसत असेल तर तोही आकडा लिहा. तो उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली गेला असेल तर नेट येत-जात राहणारच. मग राऊटरला हात न लावता तो आकडा सांगून लाईनमनला बोलवा.